दहाव्याच्या आत औषधांचा डबा मोकळा करा

कराड आणि आसपासच्या गावांत घरी जाऊन कॅन्सरच्या पेशंटची काळजी घ्यायची, हे माझं काम. अकरा वर्षं झाली. मी ज्यांच्याकडे जाते त्यांचे बरं होण्याचे उपचार थांबलेले असतात. दुखणं आवाक्यात ठेवायचं, जखम धुवायची, कूस कशी बदलायची ते घरच्यांना दाखवायचं. मग एक दिवस पेशंट जातो. एअरबेड ज्याचा त्याला परत जातो, कमोडची खुर्ची कुणीतरी मागून नेतं, चादरी धुऊन वाळत पडतात. औषधांचा डबा मात्र जिथल्या तिथे राहतो. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, नाहीतर साडीच्या दुकानाची पिशवी, कपाटाच्या वरच्या फळीवर.

त्या डब्याचं काय करायचं ते मी इथे सांगणार आहे. मला ते एका घरात उशिरा कळलं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एक आजोबा होते, जबड्याचा कॅन्सर. त्यांचा नातू बारावीला. शाळेतून आला की तोच आजोबांच्या गोळ्या काढून द्यायचा, वेळ पाळायचा, वहीत टिक करायचा. इतका नीटनेटका मुलगा होता की मी बाकीच्या घरांत त्याचं उदाहरण द्यायचे. आजोबा गेले. तिसऱ्या दिवशी सावडायला लोक गेले तेव्हा मी घरी जाऊन आजींजवळ बसले, पाठीवरून हात फिरवला आणि परत आले. डब्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. साधारण दोन महिन्यांनी त्या मुलाच्या आईचा फोन आला. पोराला झटका आला होता, दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, तो आजोबांच्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या घेत होता. आजोबा गेल्यावर त्याला झोप लागेना. कुठली गोळी घेतली की आजोबांचा चेहरा सैल पडायचा, हे घरात त्यालाच सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. पहिल्यांदा एक घेतली. मग दोन. ट्रॅमाडॉल जास्त झालं की झटके येतात, ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही.

मुलगा सावरला, पुढे शिकला. माझ्या वहीचं ते पान अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या दिवसापर्यंत किती गोळ्या दिल्या ते त्यात लिहिलंय. किती उरल्या, ते नाही.

दहाव्याच्या आतच का

घरात दुःख असताना औषधांचा विषय काढणं बरं दिसत नाही, असं पूर्वी मला वाटायचं. आता मी उलट सांगते. पुढच्या दहा दिवसांत घरात सगळ्यात जास्त माणसं असतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे, भावकी, शेजारी, त्यांची पोरं. कपाटं उघडी, खोल्या उघड्या, कोण कुठल्या खोलीत आहे कुणाला पत्ता नसतो. ज्या बाईने वर्षभर डबा सांभाळला ती कोपऱ्यात बसून असते. एरवी डबा कुणाच्या तरी नजरेखाली असतो, या दिवसांत नसतो. वर घरातली जवळची माणसं रात्र रात्र जागी असतात. त्यांना झोप हवी असते आणि झोपेच्या गोळ्या हाताशी असतात.

त्यामुळे मी तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये जाते. ज्यांच्या घरी अशी सिस्टर येत नाही त्यांनी घरातल्याच एका शांत माणसाला हे काम सांगावं. बहुतेक वेळा जावई किंवा पुतण्या बरा. घरातला, पण आतून कोसळलेला नसलेला. सोबतीला दुसरं एक माणूस हवंच. एकट्याने हे करू नये. मागाहून दोन गोळ्या कमी भरल्या तर संशय त्या एकट्यावर येतो, आणि दुःखातल्या घरात असा संशय वर्षानुवर्षं जात नाही.

विषय कसा काढायचा

“औषधं टाकून द्या” असं मी कधी म्हणत नाही. लगेच उत्तर येतं, “र्‍हाऊ द्या की सिस्टर, लागतील कुणालातरी. लई महागाची हाईत.” खरंच महागाची असतात. कुणी त्यासाठी म्हैस विकलेली असते, कुणी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं. त्या गोळ्यांत त्या माणसासाठी केलेलं सगळं असतं. टाकायचं म्हटलं की आपण केलेलं वाया गेलं, असं त्यांच्या मनाला लागतं.

मी म्हणते, “काकू, दादांच्या गोळ्या मोजून घेऊ या का? वहीत शेवटची नोंद राहिलीय.” मोजायला कुणी नाही म्हणत नाही. मोजता मोजता त्याच बोलायला लागतात. कुठल्या रात्री किती लागल्या, शेवटच्या आठवड्यात गिळवेना तेव्हा काय केलं, सगळं सांगतात. अर्धा तास जातो. तो अर्धा तास घाईने उरकू नका.

डबा ओता, घर पालथं घाला

जमिनीवर दोन वर्तमानपत्रं पसरा आणि डबा सगळाच्या सगळा ओता. मग घर शोधा, कारण औषध एका जागी कधीच नसतं. उशीच्या अभ्र्यात, गादीखाली, देव्हाऱ्याच्या फळीवर, फ्रिजच्या दारात, दवाखान्याच्या फायलीत, पेशंटच्या कोटाच्या किंवा बंडीच्या खिशात, गाडीच्या डिकीत. म्हातारी माणसं दुखण्याच्या भीतीने दोन-चार गोळ्या बाजूला दडवून ठेवतात. कनवटीला गाठ मारून ठेवलेल्या गोळ्या मला कितीदा तरी सापडल्या आहेत. लहान पोरांच्या हातालाही त्या तशाच सापडतात.

आता वाचा. स्ट्रिपवरचं मोठं नाव कंपनीचं असतं, त्यावरून काही कळत नाही. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते बघा. नजर पोहोचत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. कापलेल्या स्ट्रिपवर नाव अर्धवट राहिलेलं असतं. तसं असेल तर जिथून घेतली त्या मेडिकलवाल्याला दाखवा. आणखी एक फसगत होते. ट्रॅमाडॉल पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येतं. घरचे तिला “तापाची गोळी” समजून मुलांच्या डब्यात टाकतात. तिच्यात ट्रॅमाडॉल आहे, म्हणून ती ट्रॅमाडॉलच्याच ढिगात जाते.

मग वहीच्या कोऱ्या पानावर तारीख घाला. औषधाचं नाव, ताकद, किती उरलं. सुट्या गोळ्यासुद्धा मोजा. बाटलीत किती औषध आहे ते पट्टीने मोजून लिहा. खाली दोघांच्या सह्या. मग औषधांचे वेगवेगळे ढीग करा.

ढीग पहिला: मॉर्फिन आणि त्याची भावंडं

मॉर्फिन, फेंटानिलचे पॅच (अंगाला चिकटवायच्या औषधाच्या पट्ट्या), ब्युप्रेनॉर्फिन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल आणि, त्यांच्या नात्यातलं नसलं तरी, डायझेपाम. हा ढीग त्याच दिवशी संपवायचा, उद्यावर टाकायचा नाही.

मॉर्फिनबद्दल आधीच एक सांगते, कारण हे वाचून कुणी घाबरून पेशंटचं मॉर्फिन बंद करायला नको. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घेतलेलं मॉर्फिन कॅन्सरच्या वेदनेवरचं खूप चांगलं औषध आहे. माझे पेशंट त्याच्यावर बसून जेवतात, नातवंडांशी बोलतात. धोका आहे तो ज्याला वेदना नाही त्याच्या पोटात गेलं तर. शरीराला सवय नसताना श्वास मंदावतो. लहान मुलाला तर फार थोडं पुरतं.

मॉर्फिन ज्या केंद्रातून मिळालं तिथेच परत विचारा. आमच्या केंद्रात घरचा एक माणूस पेशंटचं कार्ड आणि उरलेल्या गोळ्या घेऊन येतो. त्याच्यासमोर मोजतात, रजिस्टरात लिहितात, सही घेतात. मी स्वतःच्या पिशवीतून त्या कधी नेत नाही. ते औषध अमली पदार्थांच्या कायद्यातलं आहे आणि कागदाशिवाय एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ नये. ट्रॅमाडॉलही २०१८ पासून त्याच कायद्याखाली आलं आहे.

परत देणं शक्यच नसेल तर? सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये मार्गदर्शन काढलं. त्यात सतरा औषधांची यादी आहे. ही औषधं लोकांच्या हाती पडून गैरवापर होण्याचा धोका इतका मोठा आहे की परत देण्याची सोय नसेल तर ती सरळ शौचालयात किंवा बेसिनमध्ये सोडून द्यावीत, असं ती सांगते. वर नावं घेतलेली सगळी त्या यादीत आहेत. लहान मुलांना एकाग्रतेसाठी देतात ते मिथाइलफेनिडेटही आहे. एरवी औषध पाण्यात सोडायचं नाही, हा नियम पक्का. या सतरांनाच त्यात सूट आहे.

गोळ्या स्ट्रिपमधून काढा, शौचालयात टाका, पाणी सोडा आणि त्या गेल्याची खात्री होईपर्यंत तिथून हलू नका. मी नेहमी दुसऱ्या माणसाला दारात उभं करते. गावाकडे मात्र एक गोष्ट आधी बघा. शौचालयाचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीला किंवा बोअरला लागून असेल तर मी सोडायला सांगत नाही. तिथे तालुक्याला फेरी मारून केंद्रात परत देणंच योग्य. एक दिवस मोडतो, पण तो मोडावा.

पॅचबद्दल दोन ओळी जास्त लिहिते, कारण वापरून काढलेला पॅच रिकामा असतो असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. तीन दिवस अंगावर राहूनही त्यात औषध पुष्कळ शिल्लक असतं. कचऱ्यातला पॅच लहान मुलाने स्टिकर म्हणून अंगाला लावला किंवा तोंडात घातला तर जिवावर बेतू शकतं. चिकट बाजू आत येईल असा दुमडा, दाबून बंद करा, शौचालयात सोडा, हात भरपूर पाण्याने धुवा. पेशंट असतानाच्या काळातही काढलेल्या प्रत्येक पॅचला हेच करायचं.

ढीग दुसरा: झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर तेही इथेच, आणि नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिनही.

मालेगावकडे पोरं अल्प्राझोलामला “कुत्ता गोळी” म्हणतात, छत्रपती संभाजीनगरकडे अशा नशेच्या गोळ्यांना “बटन”. आपल्याकडे हे नाही, अशा भ्रमात कुणी राहू नये. १ मार्च २०१४ पासून या औषधांतली बरीचशी एच-वन यादीत आहेत. मेडिकलवाल्याला चिठ्ठी बघून पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. दुकानात इतका बंदोबस्त आणि घरात तीच गोळी मसाल्याच्या डब्याशेजारी! ज्याला ती दुकानात मिळत नाही तो घरातच शोधणार.

यातलं एकही त्या सतरांच्या यादीत नाही. म्हणून ही पाण्यात न सोडता पुन्हा वापरण्याजोगी उरणार नाहीत अशी करून कचऱ्यात द्यायची. माझी पद्धत अशी.

दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या धुऊन घ्या. गोळ्या स्ट्रिपमधून एकेक काढून पिशवीत टाका. कुटू नका, चुरा करू नका. कुटलेल्या औषधाची धूळ नाका-डोळ्यांत जाते. मग त्यावर वापरलेल्या चहाचा ओला चोथा, चुलीची राख किंवा ओली माती घाला, गोळ्या दिसेनाशा होतील इतकी. थोडं पाणी शिंपडा आणि बाहेरून कालवा. पातळ औषध असेल तर ते लाकडाच्या भुशात किंवा राखेत ओतून शोषू द्या, मग पिशवीत भरा. तोंड घट्ट बांधा, दुसऱ्या पिशवीत घाला, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल पेनाने लिहा, “औषध, उघडू नये”.

हे पुडकं चहाच्या चोथ्यामुळे ओलं लागतं म्हणून ओल्या कचऱ्यात जातं, आणि तिथे ते जाता कामा नये. ओल्या कचऱ्याचं खत होतं, ते पुन्हा शेतात येतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. रंगाचे डबे, सीएफएल बल्ब, बॅटऱ्या, सुया यांच्याबरोबर. घंटागाडीत भिरकावू नका, गाडीवरच्या माणसाच्या हातात द्या आणि तोंडाने सांगा. कराड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत देशात पहिलं आलं, ते याच माणसांच्या हातांनी. त्यांच्या हातात आपण काय देतोय ते त्यांना कळलं पाहिजे. कचरा वेचणाऱ्या मुलांच्या हाती भरलेली स्ट्रिप लागली तर ती त्यांच्या पोटात जाऊ शकते, विकलीही जाऊ शकते. म्हणूनच ते मिसळणं, ते बांधणं.

रिकाम्या स्ट्रिप कात्रीने आडव्या कापून सुक्या कचऱ्यात. बाटलीवरची चिठ्ठी खरवडून काढा. पाकिटावर पेशंटचं नाव, केस नंबर असेल तर काळ्या मार्करने खोडा. गेलेल्या माणसाच्या आजाराचं नाव उकिरड्यावर उडत फिरू नये, असं मला फार वाटतं.

ज्या गावात घंटागाडी येत नाही तिथे काय? माझ्या निम्म्या गावांत हीच अडचण आहे. मी सांगते, पुडकं बांधून कुलपाच्या पेटीत ठेवा आणि पुढच्या आठवड्यात कराडला बाजाराला कुणी निघालं की त्याच्याबरोबर द्या. त्याने ते घंटागाडीवर किंवा ज्या दवाखान्यात उपचार झाले तिथे पोहोचवायचं. दवाखान्यात अशी औषधं जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाऊन भट्टीत जळतात. परसात खड्डा काढून पुरा, असं मी सांगत नाही. कुत्री उकरतात आणि पावसाळ्यात ते पाणी आडात उतरतं.

तिसरा ढीग वेगळाच ठेवा

कॅन्सरच्या स्वतःच्या गोळ्या, कॅपेसिटाबिन, टेमोझोलोमाइड, मेथोट्रेक्सेट वगैरे. या पाण्यात नाही, चोथ्यात नाही, घंटागाडीत नाही. स्ट्रिपमधून काढूसुद्धा नका. हातमोजे नसतील तर हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून उचला, दुसऱ्या पिशवीत बंद करा आणि कॅन्सरच्या दवाखान्यात परत द्या. ही औषधं १२०० अंशांच्या वरच्या भट्टीतच जाळायची, असा नियम आहे. गरोदर बाईने त्यांना हात लावू नये. मेथोट्रेक्सेट संधिवातालाही देतात, आठवड्यातून एकदा. ते चुकून रोज घेतलं तर जीव जातो. म्हणून “सासूबाईंना सांध्याला चालेल” म्हणून ते कुणाला देऊ नका.

बाकीचं

साखरेच्या, रक्तदाबाच्या, ॲसिडिटीच्या, उलटीच्या गोळ्या, अँटिबायोटिक, टॉनिक. हेही चोथ्यात मिसळून वरच्यासारखंच. यातलं काय ठेवायचं ते नक्की विचाराल, म्हणून सांगते. घरातल्या दुसऱ्या कुणाला हेच औषध याच ताकदीचं डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, मुदत शिल्लक असेल आणि स्ट्रिप न कापलेली असेल तर डॉक्टरांना विचारून ठेवा. अँटिबायोटिकला हेही लागू नाही. अर्धवट उरलेलं अँटिबायोटिक पुढच्या तापाला घेऊन तो ताप बरा होत नाही, जंतू मात्र औषधाला निबर होतात.

साध्या गोळ्यांनाही साध्या समजू नका. साखरेची ग्लिमेपिराइड किंवा रक्तदाबाची अम्लोडिपीन, एखादी गोळी दोन वर्षांच्या पोराच्या पोटात गेली तरी दवाखाना गाठावा लागतो. लोहाच्या लाल गोळ्या मुलांना खाऊसारख्या दिसतात आणि चार-पाच पोटात गेल्या की विष होतं. पॅरासिटामॉल फार जास्त घेतलं तर पहिल्या दिवशी पोरगं चांगलं दिसतं, यकृताची खराबी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. “काही होत नाहीये” म्हणून वाट बघत बसू नका.

सुया आणि इंजेक्शनं शौचालय धुण्याच्या औषधाच्या जाड रिकाम्या बाटलीत टाका, झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर “सुया” असं लिहा. इनहेलरला भोक पाडू नका, जाळू नका, फुटतो. टीबीच्या उरलेल्या गोळ्या आरोग्य केंद्रात परत द्या.

तीन गोष्टी ज्या अजिबात करू नयेत

रक्षा सोडायला जाताना पेशंटचे कपडे, चष्मा आणि औषधांची पिशवी नदीत सोडायची रीत मी प्रीतिसंगमावर डोळ्यांनी बघितली आहे. त्यामागची भावना मला कळते, त्याचं त्याच्याबरोबर जावं. पण तिथून पुढे वाहणारी कृष्णाच सांगली-मिरजेच्या नळाला येते. रक्षा सोडा, पिशवी घरी ठेवून जा.

गादीबरोबर औषधं पेटवू नका. प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम आणि औषध यांचा धूर घरच्यांच्याच छातीत जातो.

आणि वाटू नका. पाहुण्यांत कुणाची तरी कंबर दुखत असते, कुणाला झोप नसते, आणि “एवढ्याच दे गं” म्हणून अर्धी स्ट्रिप पर्समध्ये जाते. दहा दिवसांत डबा बहुतेक असाच रिकामा होतो. कुणी मागितलं तर माझं नाव सांगा. सिस्टरने मोजून नेलं म्हणा.

मोजणी जुळली नाही तर

वहीप्रमाणे चाळीस हव्यात आणि तीसच भरल्या, असं होतं. आधी वही तपासा. शेवटच्या रात्री जास्त दिलेल्या लिहायच्या राहिलेल्या असतात. तरी जुळलं नाही तर सगळ्यांसमोर विचारू नका, ओरडू तर नकाच. घरात कोण अवेळी झोपतंय, कुणाचं बोलणं जड झालंय, कुणाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसतायत, ते बघा. मग त्याला एकट्याला बाजूला घ्या आणि “झोप लागत नाही का रे?” इथून सुरुवात करा. त्या बारावीच्या पोराला कुणी एवढं विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, असं त्याच्या आईला वाटतं. मलाही.

महिनाभर रोज झोपेची गोळी घेणाऱ्याची गोळी एका दिवसात हिसकावूनही घेऊ नका. अचानक तोडली तर झटके येऊ शकतात. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. बोलायला १४४१६ ही टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलतात. व्यसन सोडवण्यासाठी १४४४६ वर विचारता येतं.

कुणी हलवूनही उठत नाही, श्वास फार हळू चाललाय, ओठ निळे पडलेत, अशा वेळी १०८ ला फोन. कुशीवर वळवून ठेवा. मिठाचं पाणी पाजू नका, उलटी काढू नका, तोंडात काही घालू नका. कुठली गोळी होती ती स्ट्रिप बरोबर घेऊन जा. रिकामी असली तरी न्या. विषबाधेबद्दल दिल्लीच्या एम्सचं केंद्र १८०० ११६ ११७ वर सल्ला देतं.

मेडिकलवाले का घेत नाहीत

हा प्रश्न मला प्रत्येक घरात येतो. काही घेतात, पुष्कळ नाही म्हणतात. त्यांचीही अडचण आहे. विकलेलं, कापलेलं औषध त्यांच्या हिशेबात परत येऊ शकत नाही, आणि आलं तर ठेवायचं कुठे, द्यायचं कुणाला? केरळने यावर मार्ग काढलाय. तिथल्या औषध नियंत्रण खात्याने २०२५ मध्ये कोझिकोडपासून एनप्राउड नावाची योजना सुरू केली. लोकांनी न वापरलेली औषधं ठरलेल्या पेट्यांत टाकायची, तिथल्या कचरा गोळा करणाऱ्या हरित कर्म सेनेच्या बायका घरोघरी जाऊनही गोळा करतात आणि ती भट्टीत शास्त्रशुद्ध जाळली जातात. सातारा जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याच्या गावी अशी एक कुलूपबंद पेटी असली तर माझं निम्मं काम हलकं होईल. नगरपालिकेत मी दोनदा अर्ज दिला आहे. तुमच्या गावात तुम्हीही द्या. एकटीचा कागद फायलीखाली जातो, पन्नास गावांचे कागद आले की कुणाला तरी वाचावे लागतात.

पेशंट घरात असतानाच

डबा मोकळा करणं सोपं जावं असं वाटत असेल तर सुरुवात आधीच करा. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल आणि झोपेच्या गोळ्या वेगळ्या छोट्या डब्यात, कुलूप लावून, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे. मुलांना गोळ्या द्यायला लावू नका, ती कितीही शहाणी असली तरी. मुलाला आजोबांजवळ बसून गोष्ट वाचू दे, पाय दाबू दे, गोळी मोठ्याने द्यावी. डॉक्टरांना महिन्याऐवजी पंधरा दिवसांचं लिहून द्यायला सांगा. पेशंटची तब्येत बदलली की औषध बदलतं आणि जुन्या स्ट्रिपचा ढीग साठत जातो. बदललेलं औषध त्याच आठवड्यात काढून टाका.

वहीचं पान असं आखा: तारीख, वेळ, किती दिल्या, किती उरल्या, कुणी दिल्या. शेवटचं पान आधीच कोरं सोडा. त्यावर वरच्या ओळीत “शिल्लक” एवढंच लिहून ठेवा. वेळ आली की तिथे काय भरायचं ते कुणाला आठवावं लागत नाही. मी ते पान पहिल्या भेटीतच माझ्या हाताने आखून देते.